चामड्यावरचं सोनं

परभणी जिल्ह्यातल्या पूर्णेसारख्या गावात राहणाऱ्या माणसाने पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं, खऱ्या सोन्याच्या डबीचं, चावी द्यायचं मनगटी घड्याळ विकत घ्यावं का, आणि घेतलंच तर ते चामड्याच्या पट्ट्यावर बांधावं का? वरवर पाहता हा हौसेचा प्रश्न आहे आणि हौसेला मोल नसतं म्हणून तो तिथेच सोडून देता येईल. पण घरातलं सोनं कशासाठी असतं, वेळ कुणाची असते, कुणी काय अंगावर घालावं हे कोण ठरवतं, असे बरेच जुने वाद त्या दीड इंचाच्या डबीत दाटीवाटीने बसलेले आहेत. माझं मत आधीच सांगतो: असं घड्याळ घ्यायला हरकत नाही, पण एक अट आहे आणि ती अट पट्ट्याशी निगडित आहे. मात्र आपल्याकडच्या जुन्या शास्त्रचर्चेत पूर्वपक्षाला आधी मनसोक्त बोलू द्यायची रीत होती, ती इथे पाळू. पूर्वपक्षी म्हणून त्याच जिल्ह्यातला एखादा हिशेबी, शहाणा, जरासा तिरकस गृहस्थ कल्पावा. तो काल्पनिक असला तरी त्याचे आक्षेप अगदी खरे आहेत.

तो म्हणतो, “अहो, आमच्याकडे सोनं मिरवायला नसतं, अडीनडीला असतं. पाऊस ताणला, दुबार पेरणीची वेळ आली, की बायकोच्या अंगावरचं आधी सावकाराकडे जातं. बहात्तरच्या दुष्काळात गेलं, नंतरही गेलं. २०१५ साली सरकारला विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांची परवानाधारक सावकारांकडची कर्जं स्वतः फेडायची योजना आणावी लागली, ती काय उगीच? आता तुमचं ते घड्याळ न्या बरं सराफाकडे. तो म्हणेल, मशीन काढा, काच काढा, मग काट्यावर ठेवू. वर कस लावून सांगेल, अठरा कॅरेट आहे. बावीसच्या खालच्याला आमच्याकडे कुणी धड सोनंही म्हणत नाही. मग हे विकत घेऊन साधलं काय? ना दागिना, ना पुंजी.”

यातलं एकही विधान मी खोडून काढत नाही. उलट माझा युक्तिवाद इथूनच सुरू होतो. अठरा कॅरेटमध्ये शंभरात पंच्याहत्तर भाग सोनं. मशीन आणि काच काढून डबी दहा ग्रॅम भरली, तर शुद्ध सोनं साडेसात ग्रॅम. १९७० साली दहा ग्रॅम सोनं दोनशे रुपयांच्या आत मिळत होतं. म्हणजे त्या डबीतलं सोनं दीडशे रुपयांच्याही आतलं. २०२५ साली दहा ग्रॅमचा भाव लाखावर गेला, आणि तीच डबी पाऊण लाखाच्या सोन्याची झाली. या पन्नास-पंचावन्न वर्षांत आतल्या मशीनची किंमत मात्र तशी वाढलेली नाही. अगदी नावाजलेल्या कंपन्यांची घड्याळं सोडली, तर मध्यम प्रतीच्या स्विस सोन्याच्या घड्याळाला घड्याळ म्हणून येणारा पैसा आणि मोड म्हणून येणारा पैसा आज एकमेकांच्या आसपास येऊन ठेपले आहेत, कधी मोडच पुढे जाते. असं पूर्वीही घडलं आहे. १९८० च्या जानेवारीत जगाच्या बाजारात सोन्याने उसळी मारली, तेव्हा युरोप-अमेरिकेत जुन्या घड्याळांच्या डब्या मोठ्या संख्येने मुशीत गेल्या आणि मागे उरलेली उघडी मशीनं कवडीमोलाने विकली गेली. भाव चढला की जुन्या सोन्याच्या घड्याळावर संक्रांत येते, ती अशी.

म्हणून घड्याळातलं सोनं बांगडीतल्या सोन्यासारखं नाही. पाटली मोडली की तिची दुसरी पाटली होते. घडणावळ जाते, थोडी तूट येते, पण सोन्याचा संसार पुढे चालू राहतो. घड्याळाची डबी वितळली की सोनं हाती येतं आणि घड्याळ संपतं. त्या मापाची, त्या मशीनला बसणारी डबी पुन्हा कुणी घडवत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र सुखाने नांदतात असं वाटतं खरं, पण एकीचा उपयोग करायचा तर दुसरीचा जीव घ्यावा लागतो. सरकारनेही हा फरक आपल्या परीने मान्य केला आहे. १६ जून २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांना टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला, पण त्या सक्तीतून घड्याळं आणि फाउंटन पेन वगळली. जणू कायद्याच्या लेखी घड्याळ हा दागिना नव्हे, वापरायचा जिन्नस आहे. तेव्हा पुंजी म्हणून घड्याळ घेणारा माणूस दोन्हीकडून फसतो: सोनं म्हणून त्याला पूर्ण दाम मिळत नाही, आणि मनात सतत सोन्याचा भाव घोळत असल्याने ते घड्याळ तो हातावर कधी बांधत नाही.

यातून माझी अट निघते. विकत घेताना त्यातलं सोनं घराच्या जमाखर्चातून काढून टाकायची तयारी हवी. आणि ती तयारी खरी की बोलण्यापुरती, हे पट्ट्यावरून कळतं. सोन्याच्या चेनचं घड्याळ घेतलं तर चेनमध्ये डबीच्या कितीतरी पट सोनं असतं. ते घड्याळ मग मनगटावरचं लॉकर होऊन बसतं, आणि पूर्वपक्षाचा सगळा हिशेब, चोराच्या भीतीसकट, परत दारात उभा राहतो. चामड्यावर बांधलेल्या घड्याळात सोनं डायलभोवतीच्या कडेपुरतं उरतं. शिवाय चामडं नाशवंत. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो. पट्ट्याच्या आतल्या बाजूला घामाचं मीठ बसतं, अस्तर काळं पडतं, रोज लागणारं भोक लांबट होत जातं, वास येऊ लागतो, आणि वर्ष-दोन वर्षांत पट्टा टाकून द्यावा लागतो. सोनं टिकणार, पट्टा बदलत राहणार. हा खर्च कधीच वसूल होणार नाही हे ठाऊक असूनही जो तो करतो, त्याने घड्याळ वापरण्यासाठी घेतलं आहे असं मानायला जागा आहे.

“सोन्याला सोन्याचीच चेन शोभते,” पूर्वपक्षी मध्येच म्हणतो, “चामडं म्हणजे हलकं काम झालं.” त्याच्या या वाक्याकडे मी पुन्हा येणार आहे, कारण ते दिसतं तितकं निरागस नाही. तूर्त त्याचा पुढचा आक्षेप घेऊ: वेळ बघायला मोबाईल आहे, आणि पूर्णेच्या माणसाला वेळेचं महत्त्व कुणी शिकवायला नको. हे बाकी खरं. मनमाडहून येणारी निजामाच्या रेल्वेची मीटर गेज लाइन गोदावरीच्या खोऱ्यातून १९०० च्या सुमारास इथून पुढे गेली. पुढे हिंगोलीकडचा फाटा निघाला, जंक्शन झालं, इंजिनांची शेड आली आणि गावाचा दिवस गाड्यांच्या वेळांनी बांधला गेला. त्या काळी हिंदुस्थानातल्या रेल्वेचं घड्याळ मद्रासच्या वेळेवर चाले. १९०६ पासून आजची प्रमाणवेळ रूढ झाली. म्हणजे गावात सूर्य कुठे आहे याला काही अर्थ उरला नाही, स्टेशनातलं घड्याळ काय म्हणतं यालाच अर्थ. अशा ठिकाणी घड्याळ हे नोकरीचं हत्यार होतं: वेस्ट एंडसारखं दणकट, साध्या धातूचं, ठळक आकड्यांचं, सेकंदकाटा असलेलं. गार्डाला आणि ड्रायव्हरला सोन्याच्या पातळ घड्याळाचा काय उपयोग?

काहीच नाही, हे कबूल करून टाकतो. ज्याला समारंभाचं घड्याळ म्हणतात ते वेळ दाखवण्यात मुळात ढिलं असतं. पुष्कळांना सेकंदकाटाच नसतो. चालू आहे की बंद हे कळायला कानाशी धरावं लागतं. त्या काळातलं मशीन बहुधा तासाला अठरा हजार ठोक्यांचं, म्हणजे सेकंदाला पाच. चांगलं तेलपाणी केलेलं असलं तरी दिवसाला अर्धा मिनिट इकडेतिकडे व्हायचंच. शे-पाचशेचं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याभरातही एवढं चुकत नाही. झाकण नुसतं दाबून बसवलेलं, म्हणून पावसाळ्यात दमट हवा आत शिरते आणि उन्हाळ्यात धूळ. पण या सगळ्या उणिवा ड्यूटीच्या दृष्टीने उणिवा आहेत. ज्या वेळेला उशिराचा शेरा मिळत नाही अशा वेळेसाठी, लग्नकार्यासाठी, संध्याकाळच्या बैठकीसाठी, निवृत्तीनंतरच्या दिवसांसाठी ते घड्याळ बनवलेलं होतं. रेल्वेत निवृत्त होणाऱ्याला सोन्याचा मुलामा दिलेलं चांदीचं पदक द्यायची प्रथा होती. आयुष्यभर मिनिटं मोजलेल्या माणसाला शेवटी कपाटात ठेवायची वस्तू द्यावी, हे मला कधी फारसं पटलेलं नाही. पदकाला काही करावं लागत नाही. चावीच्या घड्याळाला रोज सकाळी चावी द्यावी लागते, नाहीतर दुसऱ्या दिवशी दुपार-संध्याकाळपर्यंत ते थांबतं.

“मग एचएमटी सोना घ्या की! तेही चावीचं, तेही पातळ, तेही पट्ट्यावर छान दिसतं.”

हा या वादातला सगळ्यात जड आक्षेप आहे. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळं बनवायला घेतली आणि परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक बंधनं असलेल्या त्या काळात नोकरदारांच्या हातावर ती पोचवली. त्यांतलं सोना हे मॉडेल सतरा खड्यांचं, सडपातळ, सोनेरी मुलाम्याचं. २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला, तेव्हा तेही आता जुन्यातच जमा. आता मुलाम्याचं काय होतं बघा. पट्टा जिथे डबीला अडकतो त्या टोकांवर आणि चावीच्या बाजूला, जिथे कपडा आणि घाम रोज घासतो, तिथे आधी पिवळेपणा फिका पडतो, मग खालचं पितळ उघडं होतं आणि त्यावर हिरवट डाग धरतो. खऱ्या सोन्याला हे होत नाही. पण एवढ्यावर मी जिंकलो असं म्हणणं लबाडीचं होईल, कारण स्टीललाही हे होत नाही, आणि स्टील सोन्याहून कडक, स्वस्त आणि ओरखड्यांना दाद न देणारं. डबीचा धातू म्हणून सोन्याच्या बाजूने कामाचं असं कारण फार थोडं आहे. उरतं ते रूप आणि हाताला जाणवणारं वजन. शिवाय एक गोष्ट, जी मला निर्णायक वाटते: हे सोनं खाणीतून कधीच निघालेलं आहे, घडवून झालेलं आहे. त्याच्यापुढे दोनच वाटा आहेत, मुशीत जाणं किंवा कुणाच्या तरी हातावर जाणं. माझा युक्तिवाद म्हणूनच फक्त जुन्या घड्याळाला लागू होतो. नवं कोरं सोन्याचं घड्याळ बनवून घेण्याच्या बाजूने माझ्याकडे काहीही नाही; तिथे पूर्वपक्षी जिंकला असं खुशाल लिहून ठेवावं.

तो एवढ्याने समाधानी होत नाही. “जुनं म्हणता, पण कुणाचं? आमच्याकडे घड्याळ, अंगठी, सायकल हे जावयाच्या मागण्यांतले ठरलेले जिन्नस होते. कुठल्यातरी बापाने जमीन गहाण टाकून ते दिलं असेल. पुढे कुणीतरी अडचणीत विकलं असेल. दुसऱ्याच्या रडण्याचं सोनं हातावर बांधून फिरायचं?” हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, आणि सासऱ्याने दिलेलं घड्याळ त्यानंतरही किती वर्षं मांडवात झळकत राहिलं हे सगळ्यांना माहीत आहे. आक्षेप नैतिक आहे, त्याला नैतिक उत्तर हवं. पण मग हाच निकष घरातल्या प्रत्येक दागिन्याला लावावा लागेल, कारण सराफाच्या मुशीतून आलेल्या नव्या कोऱ्या मंगळसूत्रातही कुणाच्या तरी मोडलेल्या गोठपाटल्यांचं सोनं मिसळलेलं असतं. फरक इतकाच की तिथे खूण पुसली गेलेली असते. वितळवल्याने अन्याय भरून निघत नाही, फक्त त्याचा पुरावा जातो. जुन्या घड्याळाच्या पाठीवर कधी नाव आणि तारीख कोरलेली सापडते. झाकण उघडलं तर आतल्या बाजूला घड्याळजींनी सुईच्या टोकाने ओरखडलेल्या बारीक खुणा दिसतात, कुणी कधी मशीन खोललं त्याच्या. विकणारे बहुधा पाठ पॉलिश करून नाव घालवतात, म्हणजे माल स्वच्छ दिसतो. माझ्या मते घेणाऱ्याने पॉलिश करू देऊ नये. आपण या वस्तूचे पहिले मालक नाही हे तिने सांगत राहिलं पाहिजे. चोरीच्या मालाची गोष्ट वेगळी. तिथे बिल आणि ओळखीचा दुकानदार याला पर्याय नाही.

आता ते चामड्याबद्दलचं वाक्य. सोनं देवाच्या अंगावर चढतं, पायात घालत नाहीत. चामड्याचा पट्टा मात्र आजही काही जण गाभाऱ्यात जाताना काढून ठेवतात. ही उतरंड वस्तूंपुरती कधीच नव्हती. बाभळीच्या सालीच्या आणि तरवडाच्या पाण्यात कातडी कमावणारे हात गावकुसाबाहेर होते, आणि त्या हातांनी सोनं घालू नये असा दंडक अनेक ठिकाणी होता. इंदूर भागातल्या बलाई या अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजावर १९२८ च्या सुमारास गावच्या सवर्णांनी लादलेल्या अटी बाबासाहेबांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नोंदवल्या आहेत, पुरुषांनी जरीकाठी पागोटं बांधायचं नाही आणि बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, या त्यांतल्याच. त्याआधी १९२७ च्या डिसेंबरात महाडला स्त्रियांपुढे बोलताना त्यांनी कथलाच्या आणि चांदीच्या दागिन्यांचा भार टाकून द्यायला सांगितलं होतं, आणि दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, नाहीतर घालू नका, असा त्या सांगण्याचा आशय होता. पूर्णेत, जिथे आंबेडकरी चळवळ आणि बौद्ध विहार गावाच्या सार्वजनिक जीवनाचा भाग आहेत, तिथे साधेपणाचा उपदेश करताना तो कुणाला करतो आहोत हे बघावं लागतं. गांधीजी खिशातलं घड्याळ कमरेला दोरीने लटकवत. तो साधेपणा स्वतः निवडलेला होता, म्हणून त्याला किंमत. ज्याच्यावर तो पिढ्यान्‌पिढ्या लादला गेला, त्याच्या नातवाने सोन्याची कडा असलेलं घड्याळ बांधलं तर त्याला दिखाऊ म्हणायचा अधिकार सहजासहजी कुणाला मिळत नाही. आणि ‘चामडं म्हणजे हलकं’ हे सौंदर्याचं मत म्हणून मांडलं जात असलं, तरी त्याचं मूळ त्या जुन्या उतरंडीत आहे. घड्याळावर सोनं आणि चामडं एकमेकांना खेटून बसतात आणि कुणालाच काही वाटत नाही. यात क्रांतीबिंती शोधू नये. परदेशी कारखान्यांनी सोय म्हणून ते केलं आणि आपण न विचारता स्वीकारलं. पण स्वीकारलं आहे, तर चेनच्या बाजूने निदान शोभेचं कारण तरी पुढे करू नये.

घ्यायचं ठरलंच तर काय बघायचं, हे थोडक्यात सांगतो, कारण युक्तिवाद पक्का आणि माल खोटा असं व्हायला नको. झाकणावर किती मायक्रॉन ते लिहिलेलं असेल किंवा पाठ स्टीलची असेल, तर डबी मुलाम्याची. खऱ्या स्विस सोन्याच्या डबीत आतल्या बाजूला ७५० किंवा १८ के असा ठसा असतो आणि बहुधा त्याच्याशेजारी स्त्रीच्या मस्तकाची छोटी मुद्रा. चौदा कॅरेटला खारीची. डायल फारच ताजा आणि अक्षरं जाडीभरडी दिसली तर तो नव्याने रंगवलेला समजावा. आपल्या बाजारात असले डायल पोत्याने आहेत. आणि चावीचं मशीन दुरुस्त करणारा घड्याळजी आधी गाठावा, मग घड्याळ. पूर्णेत नाही सापडला तर नांदेडला, तिथेही नाही तर हैदराबादला जावं लागेल, आणि चार-पाच वर्षांनी एकदा तेलपाणी करावंच लागेल.

“एवढं सगळं ठीक,” पूर्वपक्षी म्हणतो, “पण पाऊस गेला तर? खतबियाणाला पैसे नसले, की तुमचं ते जमाखर्चातून काढलेलं सोनं आठवणार ना?”

आठवणार, आणि आठवावंच. घरात पेरणी अडलेली असताना यंत्र जपत बसणं हा वेडेपणा आहे. तेव्हा ते मोडीत घातलं तर मी बोट दाखवणार नाही. पण मग ही वेळ येऊ शकते का, हा विचार विकत घेण्याआधी व्हायला हवा होता. ज्याच्या घरी एक हंगाम चुकला की सोन्याकडे हात जातो, त्याने हे घड्याळ घेऊ नये, बायकोच्या दागिन्यासाठी साठवलेल्या पैशातून तर नाहीच नाही. त्याच्यासाठी एचएमटी सोना झकास आहे.

“म्हणजे गावातल्या दहांतल्या नवांना तुम्ही नकोच म्हणताय.”

हो, तसाच त्याचा अर्थ होतो. आणि दहाव्यालाही ते पुढे विकायची पाळी आली, तर आधी हातावर बांधणारं गिऱ्हाईक शोधावं लागेल. असं गिऱ्हाईक सराफापेक्षा पाच-दहा हजार कमीच देऊ करील, कारण त्याला तूट-कस-वजनाशी देणंघेणं नसतं आणि दुरुस्तीचा खर्च दिसत असतो. तो फरक खिशातून सोसायची तयारी आहे की नाही, एवढं खरेदीच्या दिवशी ठरवावं. कंपनी कोणती आणि साल कोणतं, हे त्यानंतर.